आईचे गुडघे आणि बारा चिठ्ठ्या

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ गृहस्थ. इमारत पूर्ण होत आली तेव्हा त्यांनी निव्वळ भलेपणाने एक सूचना काढली : घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असल्यामुळे ज्यांना तळमजल्याची खरोखर गरज आहे, त्यांनी तसं लेखी कळवावं. घरं बारा. अर्ज अकरा आले. बारावा दुसऱ्या दिवशी आला, उशीर झाल्याबद्दल दिलगिरीसह.

त्या बारा अर्जांत मिळून एकोणीस गुडघे होते. (एकाने फक्त डावा लिहिला होता.) शिवाय दोन कंबरा, एक दमा, आणि एका तरुण जोडप्याने तर अजून न जन्मलेल्या बाळाचं कारण दिलं होतं. तळमजल्यावर घरं मात्र तीनच. त्यावर पहिला, दुसरा आणि तिसरा मजला, तिथेही तीन-तीन. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे. तिच्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ठेवल्या आहेत आणि त्या अजून बरीच वर्षं तिथे सुखाने राहतील असं दिसतं.

अध्यक्षांनी सगळे अर्ज वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता चिठ्ठ्याच. आणि एकदा निघाली की निघाली. नंतर अदलाबदल नाही, नाहीतर भांडणांना तोंड फुटेल."

एकोणीसपैकी दोन गुडघे माझ्या आईचे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आम्ही तेव्हा डहाणूतच, या इमारतीच्या मागच्या गल्लीत, एका भाड्याच्या बैठ्या घरात राहत होतो, आणि मालकांना ते पाडून नवं बांधायचं असल्यामुळे दिवाळीनंतर निघणं भाग होतं. त्या घराला दोन पायऱ्या होत्या. त्या उतरून आई रोज सकाळी कोपऱ्यावर जाई. तिथे वरोरहून येणारी मासेवाली बसते. तिच्याशी भांडणं हा आईचा दिवसातला मुख्य कार्यक्रम.

"हे बोंबील कालचे गं."

"कालची तू असशील म्हातारे. बघ की कल्ले उघडून."

"बोंबलाचे कल्ले काय बघायचे? डोळे बघ त्याचे, रडतोय तो."

अर्ध्या तासाने आई घरी येई ती अशी टवटवीत होऊन, की औषधाच्या गोळ्या तिने मासेवालीकडूनच घ्याव्यात असं मला वाटे. डॉक्टर मात्र स्पष्ट बोलले होते. एक जिना, मध्ये थांबून, दिवसातून एकदा, चालेल. त्याच्या वर नको.

म्हणजे तळमजला आला तर उत्तम, पहिला आला तर चालवून घेता येईल. दुसरा किंवा तिसरा आला तर काय, हे विचारायचं धाडस माझ्या बायकोने केलं. आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मी धाकट्याकडे जाते. तळासरीत त्याचं बैठं घर आहे. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. तळासरी काही परदेशात नाही, पण तिथे आईचं कोपऱ्यावरचं भांडण नव्हतं, शेजारपाजार नव्हता. आणि माझ्याकडे आई नसणार होती. बावन्न वर्षांच्या, दहावीच्या पोरांना दरडावणाऱ्या माणसाने हे लिहू नये, पण त्या आठवड्यात मी दोनदा फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले आणि वर्गाला खडूची धूळ गेली म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आज तर तुम्ही अजून काही लिहिलंच नाही."

आता चिठ्ठी काढायची कुणी? आपल्याकडे हे काम लहान मुलाचं. लहान मुलाच्या मनात काही नसतं, असं मोठ्यांनी फार पूर्वी परस्पर ठरवून टाकलेलं आहे. पण सोसायटीतलं मूल घेतलं तर ते कुणा ना कुणाच्या घरचं असणार. यावर बैठकीत पाऊण तास गेला. शेवटी माझी पुतणी पुढे आली. धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षं सहा, शाळा तळासरीला, दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलेली.

"सरांची पुतणी?" आमच्यातले एक बुकिंग क्लार्क आहेत, ते म्हणाले. तिकीट देतानाही ते माणसाकडे असंच संशयाने बघतात. डाव्या गुडघ्याचा अर्ज त्यांचाच.

"अहो, तळासरीची मुलगी आहे," अध्यक्ष म्हणाले. "इथे कोण वर गेलं नि कोण खाली राहिलं, तिला काय त्याचं?"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आपल्याला पटलेल्या गोष्टींचा हिशोब मी नंतर कधीतरी मांडणार आहे.

घरी येऊन मी तिचा हातगुण तपासायला घेतला. डॉक्टरचा, दाईचा, झाड लावणाऱ्याचा हातगुण असतो, तर चिठ्ठी काढणारीचा का नसावा? मी मराठी आणि इतिहास शिकवतो. गणिताशी माझे संबंध सौजन्याचे आहेत, त्यापलीकडे नाहीत.

पहिली परीक्षा चिकूंची घेतली. पिशवीत नऊ कच्चे आणि तीन पिकलेले चिकू घातले, तिच्या डोळ्यांना ओढणी बांधली आणि म्हटलं, "काढ एक."

पिकलेला निघाला. परत घातला, पिशवी हलवली. पुन्हा पिकलेला. पाच वेळा काढला आणि पाचही वेळा पिकलेला! मी स्वयंपाकघरात धावत गेलो. "अगं, ऐकलंस का! पोरीच्या हातात काहीतरी आहे!"

बायको शांतपणे म्हणाली, "हातात चिकू आहे. पिकलेला मऊ लागतो."

मी पुतणीकडे पाहिलं. तिने ओढणी वर सरकवली होती आणि माझ्याकडे काळजीने बघत होती. "काका, तुला माहीत नव्हतं?"

चिकूच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला हे विचारलं गेलं. मी म्हटलं, "तुझी परीक्षा घेत होतो."

मग आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. एकाच मापाची, एकाच जातीची, नऊ पांढरी आणि तीन लाल. लाल म्हणजे तळमजला. इथे चाचपून काही कळायची सोय नव्हती. तिने काढलं ते पांढरं. परत घालून काढलं, पांढरं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पांढरं. माझा चेहरा पडत चालला.

"आज हात लागत नाहीये तुझा," मी म्हटलं.

"हाताचं काय, काका? पांढरीच जास्त आहेत ना. म्हणून पांढरी येतात."

"बरं, पण आता चार वेळा पांढरं आलं. आता लाल यायलाच हवं."

"का?"

"अगं, इतक्या वेळा पांढरं झालं की आता लालची पाळी नाही का?"

तिने डब्यात वाकून पाहिलं. बटणांत कुणी रांगेत उभं आहे का ते बघत असावी. मग म्हणाली, "पण आपण सगळी परत घातली. बटणांना काय माहीत, मघाशी कोण आलं होतं?"

पाचव्यांदा पांढरं आलं. सहाव्यांदा लाल. मी लगेच "बघ! म्हटलं नव्हतं?" असं ओरडलो. तिने ती गोष्ट मोठ्या मनाने सोडून दिली.

आई हे सगळं खाटेवरून बघत होती. तिने विचारलं, "काय गं, मग तुझ्या मते मला खालचं घर मिळणार की नाही?"

पुतणीने बटणं वेगळी करून मांडली. तीन इकडे, नऊ तिकडे. दोन्हींकडे बघितलं. "नाही मिळायचं जास्त वाटतं, आजी. पण मिळू पण शकतं."

एवढं सरळ आजवर आमच्या घरात कुणी बोललेलं नव्हतं. बायकोने नवस बोलला होता, मी ओळखीच्या ज्योतिषाला "सहज" फोन केला होता, धाकटा रोज "होईल रे सगळं चांगलं" म्हणत होता. आई हसली आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्यांच्या गच्चीचा जिना रोज थोडा थोडा चढायला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोर सांगतेय ना, जिना यायचा जास्त संभव आहे. मग बसून काय राहायचं?"

माझी आणखी एक चिंता होती. सभासद क्रमांकाप्रमाणे नावं पुकारायची होती आणि आमचा क्रमांक अकरावा होता. अकरावा! तोपर्यंत तळमजले संपलेले असणार. हे मी न्याहारीच्या वेळी इतक्या वेळा बोललो की पुतणीने पोहे खायचे थांबवले.

"पण काका, आधीच्यांनी वरची घरं काढली तर? मग खालची आपल्यालाच राहतील ना."

"आणि खालची काढली तर?"

"तर नाही राहणार." तिने पुन्हा चमचा उचलला. "पहिला नंबर असला तरी तसंच आहे. तेव्हा पण नाही माहीत."

मला पटलं नाही.

आता ज्या भागाबद्दल सांगायला मला लाज वाटते तो भाग. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. शनिवारी दुपारी मी लिहायला बसलो. काहीतरी नीटनेटकं करावं म्हणून एका लग्नपत्रिकेची कोरी पाठ कापून घेतली. इमारत खालून सुरू होते, म्हणून मीही खालून सुरू केलं. तळमजला एक, तळमजला दोन, तळमजला तीन. तीन चिठ्ठ्यांत पत्रिका संपली. बाकीच्या नऊ मी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर लिहिल्या. पुतणी शेजारी बसून एकेक चिठ्ठी घडी करून देत होती.

इथपर्यंत शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. पत्रिकेचा कागद जाड होता आणि उत्तरपत्रिकेचा पातळ, हे मला दिसलंसुद्धा नाही. दिसलं ते रविवारी सकाळी, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत. आमच्याकडच्या एका गुजराती मासींनी छुंद्याची चिनीमातीची बरणी धुऊन आणली होती. तिच्यात चिठ्ठ्या टाकताना माझ्या बोटांना कळलं. तीन टणक, नऊ मऊ.

मी थांबायला हवं होतं. "जरा थांबा, कागद वेगवेगळे झालेत," एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्दसुद्धा झाले नसते. मी समोर पाहिलं. आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मी तीनही चिठ्ठ्या बरणीत टाकल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माझी अब्रू निम्मी तरी राहिली असती. पण मी पुतणीला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, "आपली पाळी आली ना बाळा, की जरा नीट चाचपून घे हं."

"का? चाचपून कळतं?"

"नाही गं. असंच."

परीक्षेच्या हॉलमध्ये पंचवीस वर्षं कॉप्या पकडलेला माणूस हा.

अध्यक्षांनी पहिलं नाव पुकारलं. पुतणी पाटावर उभी राहिली आणि तिने कोपरापर्यंत हात बरणीत घातला. हात आत फिरला. थांबला. पुन्हा फिरला. तिच्या कपाळावर आठी आली. मग रिकामा हात बाहेर काढून ती म्हणाली, "काका, असं नाही चालणार. यातल्या तीन जाड आहेत."

बाहेर एक रिक्षा सुरू होत नव्हती तिचा आवाज तेवढा येत राहिला.

"जाड म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"खालच्या घरांच्या जाड कागदावर आहेत. वरच्या पातळ. मला हात घातल्यावर कळतंय." आणि एवढं पुरेसं नव्हतं म्हणून तिने पुढे सांगितलं, "चिकूसारखं."

बुकिंग क्लार्क उठले. बरणीत हात घालायचा त्यांनी प्रयत्न केला, तो मनगटाशी अडकला. शेवटी बरणी पालथी घातली. बारा चिठ्ठ्या, त्यांतल्या तीन लग्नपत्रिकेच्या. एकीच्या मागे तर 'आपले कृपाभिलाषी' एवढं सोनेरी अक्षरात दिसत होतं.

"वा, सर," ते म्हणाले. "मुलांच्या कॉप्या बाहीत असतात. तुमची बरणीत."

"अहो, तसं नाही, पत्रिका तीनच चिठ्ठ्यांना पुरली..." माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. खरी गोष्ट अशी की पत्रिका खरंच पुरली नव्हती, आणि तरीही मी खोटं बोलत होतो. बायको माझ्याकडे बघत नव्हती. आई बघत होती. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर मला पुढची तीस वर्षं दिसली. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, गणपतीत, जिथे भेटतील तिथे हेच चेहरे. तळमजल्याचं तर गेलंच होतं, पण आता मला या इमारतीत राहायचंही तोंड उरलं नव्हतं.

"तुला हे कुणी सांगितलं गं?" एकाने पुतणीला विचारलं. चाचपून घे म्हटलेलं ती आता सांगणार.

"कुणी नाही. मीच घड्या केल्या ना." ती पाटावरून खाली उतरली नव्हती. "मला कळतंय ना, मग मी काकाच्या पाळीला पातळच काढली असती."

"पातळ? का?"

"मग आजी बहुतेक आमच्याकडे आली असती. तळासरीला. वरचं घर मिळालं तर ती येणार आहे." तिने आजीकडे पाहिलं. "मला ती पाहिजेच आहे. पण मग ते चिठ्ठी काढणं नाही ना झालं. ते मी ठरवल्यासारखं झालं. म्हणून सांगितलं."

मासी मोठ्याने हसल्या. "छोकरी बहु हुशार छे, हं!" त्यांच्यामागून अध्यक्ष हसले, आणि मग सगळेच. बुकिंग क्लार्क तर खुर्चीची पाठ धरून हसत होते. "अहो सर! फसवायचंच होतं, तर निदान आपल्या बाजूचं माणूस तरी घ्यायचं! तुम्ही थेट विरुद्ध पक्षाकडे बरणी दिलीत!"

मी त्या हसण्यात हसून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मूर्ख ठरल्याचा एवढा आनंद झाला. लबाड माणूस इतका बावळट असणार नाही, असा बाकीच्या अकराही घरांचा एकमुखाने निकाल लागला, आणि मी त्याविरुद्ध अपील केलं नाही.

चिठ्ठ्या नव्याने झाल्या. अध्यक्षांनी एकाच वहीचं एकच पान घेतलं, पट्टीने बारा तुकडे केले. माझं अक्षर चांगलं असल्याचा उल्लेख या वेळी कुणी केला नाही. घड्या मासींनी घातल्या. पुतणीने डोळे मिटून त्या चाचपून पाहिल्या आणि "आता नाही कळत" असं प्रमाणपत्र दिलं. बरणी हलवायला मात्र तिने तिघांना लावलं.

पहिलं नाव, दुसरा मजला. दुसरं नाव, तिसरा. तिसऱ्या नावाला तळमजला निघाला आणि तो न जन्मलेल्या बाळाला गेला. त्या जोडप्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते टाळ्या वाजायच्या आत खाली बसले. सहाव्या नावाला दुसरा तळमजला, तो काठी टेकत आलेल्या एका आजोबांना. त्यावर सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नववं नाव खुद्द अध्यक्षांचं. तिसरा आणि शेवटचा तळमजला त्यांना.

बायकोने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मी मनातल्या मनात तळासरीला आईचं सामान पोचवत होतो. खाट टेम्पोतून, गोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर, हायवेला अच्छाडकडे जाणारे ट्रक, आणि परत येताना रिकामी सीट.

दहावं नाव झालं. अध्यक्षांनी आपल्या कागदावर खुणा तपासल्या. "आता दोनच राहिल्या. एक पहिल्या मजल्याची, एक तिसऱ्या. आणि नावंही दोन. सर, आणि नंतर क्लार्कसाहेब."

पुतणी माझ्याकडे वळली. "काका, आता सारखं सारखं आहे. एक चांगली, एक वाईट."

हे तिने मला धीर देण्यासाठी सांगितलं असावं. मला त्यातलं फक्त 'वाईट' ऐकू आलं.

तिने हात घातला. या वेळी जराही चाचपलं नाही. आत गेला तसा बाहेर आला. चिठ्ठी तिने अध्यक्षांना दिली, कारण तसं ठरलं होतं, आणि अध्यक्षांना त्याच वेळी चष्मा सापडेना. तो त्यांच्या कपाळावर होता. हे सांगायला आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. शेवटी पुतणीनेच बोट दाखवलं.

"पहिला मजला," अध्यक्ष म्हणाले.

मी बसलो. म्हणजे खुर्ची मागे होती हे नशीब. बायको रडत होती आणि त्याच वेळी नाक पुसत कुणाला तरी पेढे आणायला सांगत होती. क्लार्कसाहेबांनी उरलेली चिठ्ठी न उघडताच खिशात टाकली आणि म्हणाले, "मला गच्चीजवळचं आलं. आजपासून माझा डावा गुडघा बरा आहे."

पुतणी पाटावर तशीच उभी होती. आईने तिला जवळ बोलावलं. "वाईट वाटलं तुला?"

"थोडं," ती म्हणाली. "पण आपण दोघींनी बटणांत बघितलं ना, तसंच निघालं. कुणी काही नाही केलं."

"सुट्टीत तू येशील की इकडे."

"दिवाळीत आणि मे महिन्यात," तिने अट घातली. "आणि गणपतीत."

सगळे पेढ्यांच्या मागे लागले तेव्हा आई म्हणाली, "चल, घर बघून येऊ." मी म्हटलं, उद्या जाऊ. ती जिन्यापाशी पोचलीसुद्धा होती. दहा पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा दहा. एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्यावर. पुतणी पुढे जाऊन मोजत होती. वळणावर आई थांबली, भिंतीला टेकली. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत मी थांबलो. मग राहवेना.

"आई, मला आधीच कळलं होतं. बरणीत टाकतानाच."

"माहितीये."

"तुला कसं?"

"तू दोनदा कपाळ पुसलंस. गरम कुठे होत होतं?" ती माझ्याकडे न बघता वरच्या दहा पायऱ्यांकडे बघत होती. "माझ्यासाठी केलंस ते कळलं मला. पण पुन्हा करू नकोस. तसं मिळालेल्या घरात मला झोप लागली नसती, आणि मग मी तळासरीलाच गेले असते."

मी मान हलवली. डोळे पुसले, आणि इथे खडूची धूळ नव्हती.

उरलेल्या दहा पायऱ्या ती चढली. घर रिकामं होतं, नव्या रंगाचा वास कोंडलेला. आईने खिडकी उघडायला लावली आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसली. पुतणी तिच्यासमोर उभी राहून तिला न्याहाळत होती.

"आजी, दमलीस?"

"दमले."

"रोज जमेल तुला?"

आईने खरोखर विचार केला. लहान मुलांना उत्तर देताना आपण करत नाही तसा. "जमेल ते दिवस जास्त असतील," ती म्हणाली. "नाही जमणार ते कमी."

"आणि नाही जमणार त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुझा काका खाली जाईल आणि काही न कळता कसला तरी मासा घेऊन येईल. आम्ही तो खाऊ. काय करणार?"

पुतणीला हे उत्तर पुरेसं वाटलं असावं. ती जिन्याकडे पळाली, खाली पेढे उरलेत का ते बघायला. आई तिथेच बसून राहिली, आणि मी तिच्या शेजारी जमिनीवर, पाय पसरून. वीस पायऱ्या चढून माझे गुडघे थरथरत होते. तिचे नव्हते.